गांजलेल्यास सर्व क्षम्य आहे काय?

ज्या मनुष्यावर, अथवा ज्या राष्ट्रावर, दीर्घकाळ जुलूम झाला आहे, त्याने त्या जुलमाच्या निवारणाकरिता जे जे केले ते ते सर्व योग्यच मानावे काय, हा प्रश्न फार जुना आहे. मोशेने मिसरी मनुष्यास ठार मारून वाळूत पुरले, तेथपासून तरी तो चालत आलेला आहे. आणि त्या ठिकाणी शास्त्राने मोशेची स्तुति केली नाही व निंदाही केली नाही, घडले तेवढे सांगितले, हे विचारी वाचकांच्या ध्यानात आले असेलच. अशा प्रश्नाचे उत्तर ओट्यावर बसून देणे सोपे असते. म्हणून तो हवेत न ठेविता एका खऱ्या देशाच्या व खऱ्या माणसांच्या हकिकतीवर घासून पाहावा, असे आम्हांस वाटते. तो देश उत्तर आफ्रिकेतील अल्जीरिया होय.

ह्या देशाशी ख्रिस्ती मंडळीचा संबंध प्राचीन आहे. पवित्र ऑगस्टीन ह्याचा जन्म इ. स. ३५४ मध्ये त्याच भूमीत तागास्ते गावी झाला, आणि ४३० साली हिप्पो नगरास वांडाल लोकांनी वेढा घातला असता तेथेच, आपल्या मंडळीमध्ये, त्याचा अंत झाला. 'देवाचे नगर' ह्या आपल्या ग्रंथात त्याने सिकंदर बादशहाची एक गोष्ट दिली आहे. एका समुद्री चाच्यास पकडून बादशहापुढे उभे केले, आणि 'तू समुद्रावर हा उपद्रव का माजविला आहेस?' असे त्यास विचारिले. चाचा धीट होता. त्याच्या बोलण्याचा भाव असा की, मी एका लहानशा गलबताने जे करितो तेच तुम्ही मोठ्या आरमाराने सर्व जगावर करिता. मला लुटारू म्हणतात व तुम्हांस बादशहा म्हणतात, इतकाच भेद. ऑगस्टीनास हे उत्तर मार्मिक वाटले. आपणही ते ध्यानात ठेवू या, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

इ. स. १८३० साली फ्रेंचांनी अल्जियर्स घेतले. अल्जियर्सच्या अधिपतीने त्यांच्या वकिलास माशा वारण्याच्या पंख्याने मारिले, हे त्या स्वारीचे निमित्त. आणि ते मारणेही तीन वर्षांपूर्वीचे होते! पुढे एकशे बत्तीस वर्षे तो अंमल चालला. चांगली सुपीक जमीन युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांच्या हाती गेली. जमीन गेली म्हणजे मनुष्याचे काय काय जाते, हे शेतकरी वाचकांस सांगण्याची गरज नाही. ज्या लोकांच्या धर्मात मद्य वर्ज्य, त्यांच्या देशात कोसचे कोस द्राक्षमळे उभे राहिले व दारू हाच परदेशी जाणारा मुख्य माल झाला. नाबोथाच्या मळ्याची गोष्ट ज्यांनी वाचली आहे त्यांस ह्यावर अधिक टीका नको. १८४५ च्या जून महिन्यात दाहरा डोंगरातील उलेद रिआह नावाच्या जमातीची माणसे, बायकामुले व गुरे ह्यांसुद्धा गुहांत लपून राहिली असता, कर्नल पेलिसिए ह्याने गुहांच्या तोंडाशी आग पेटविली, आणि शेकडो जीव धुराने गुदमरून मेले. १८६५ च्या कायद्याप्रमाणे तेथील मुसलमान हे फ्रान्सचे प्रजाजन ठरले, नागरिक नव्हत. नागरिक व्हावयाचे तर आपला शरियतीचा व्यक्तिगत कायदा सोडावा अशी अट होती. अल्जियर्स येथील केचावा मशीद तर १८३२ सालीच ताब्यात घेऊन तिचे ख्रिस्ती देऊळ करण्यात आले होते. तेथे प्रभूचे नाव घेण्यात येई खरे. पण बाहेरून जाणारा अल्जीरियन मनुष्य ते नाव कोणत्या अर्थाने ऐकत असेल, ह्याचा विचार केला असता लाज वाटते.

येथे कोणी विचारील की, त्या लोकांनी शांतपणे न्याय मागून पाहिला नाही काय? मागून पाहिला. फरहात अब्बास नावाचा औषधविक्रेता, फ्रेंच विद्येवर वाढलेला, कित्येक वर्षे अर्ज, सभा व वर्तमानपत्रे ह्यांच्याच मार्गाने गेला. १९४३ साली त्याने व त्याच्या सोबत्यांनी आपल्या मागण्यांचा जाहीरनामा सरकारपुढे ठेविला. १९४५ सालच्या मे महिन्याच्या ८ तारखेस, युरोपातील महायुद्ध संपल्याचा आनंद चालू असता, सेतीफ गावी अल्जीरियन लोक मिरवणुकीने निघाले व त्यांनी आपले निशाण उभारिले. पोलिसांनी गोळी घातली. मग जमावाने सापडतील त्या युरोपियनांस मारिले, आणि त्या भागात सुमारे शंभर युरोपियन प्राणांस मुकले. त्यानंतर सेतीफ, गेल्मा व खेराता ह्या टापूत सैन्याने, विमानांनी व हत्यारबंद वसाहतवाल्यांनी जो सूड घेतला त्यात हजारो माणसे मारिली गेली. अल्जीरियाचा आकडा पंचेचाळीस हजारांचा आहे, फ्रेंच सरकारचा त्या वेळचा हजार-बाराशेंचा. १९४७ साली एक सभा देण्यात आली. तीत सुमारे नऊ लाख युरोपियनांस साठ जागा व सुमारे ऐंशी लाख मुसलमानांसही साठच. आणि १९४८ च्या निवडणुकीत मतपेट्यांची जी अवस्था केली तिच्यामुळे त्या साठ जागांसही अर्थ उरला नाही. येणेप्रमाणे दार आतून बंद करून घेतल्यावर, बाहेरचे लोक दार ठोठावीत का नाहीत, फोडतात का, असे विचारण्याचा अधिकार घरात बसलेल्यास राहिला नाही, असे आमचे मत आहे.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी, सर्व पवित्र जनांच्या सणाच्या दिवशी, राष्ट्रीय मुक्ति आघाडीने लढ्यास आरंभ केला. चौक्या व सैन्याची ठाणी ह्यांवर हल्ले झाले; आणि त्याच दिवशी ऑरेस डोंगरातून जाणारी एक मोटारगाडी अडवून, तिच्यातील एका फ्रेंच तरुण शिक्षकास गोळी घालण्यात आली. तो तेथील मुलांस शिकविण्याकरिताच नुकता आला होता. म्हणजे ज्या प्रश्नाचा आपण विचार करीत आहो तो त्या लढ्यात मागाहून शिरला नाही, पहिल्याच दिवशी उभा होता. ठाण्यावरील शिपाई आणि मोटारीतील शिक्षक, हे दोघे एकच काय?

आता ह्या लढ्यातील एकच प्रसंग जरा थांबून पाहू. १९५६ च्या ऑगस्टात अल्जियर्सच्या कस्बा नामक मुसलमानी वस्तीत रात्री एक बॉम्ब फुटला व लोक घरांखाली चिरडून मेले; तो युरोपियनांतील जहालांनी ठेविला होता. ३० सप्टेंबर रोजी, रविवारी, मुक्ति आघाडीच्या तीन तरुण स्त्रिया फ्रेंच बायकांसारखा पोशाख करून, पिशव्यांत बॉम्ब घालून युरोपियन वस्तीत गेल्या. त्यांपैकी झोहरा द्रीफ ही कायद्याचा अभ्यास करणारी विद्यार्थिनी होती. तिने आपली पिशवी 'मिल्क बार' ह्या दुकानात ठेविली. हे दुकान आइसक्रीम खाण्याचे होते. समुद्रावरून परतलेली कुटुंबे मुलांसह तेथे बसली होती. तीनपैकी दोन बॉम्ब फुटले. तिघांचे प्राण गेले, व कित्येकांचे हातपाय तुटले. पाच वर्षांची एक मुलगी आपल्या आजीबरोबर तेथे आली होती. आजी मेली; मुलीचा एक पाय गेला.

ती मुलगी मोठी झाली, आणि २०१२ साली तिने झोहरा द्रीफ हिला उद्देशून पत्राच्या रूपाने एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मार्सेय शहरी एका जाहीर सभेत दोघी समोरासमोर आल्या, आणि निरपराध माणसांच्या त्या वधाविषयी तिने प्रश्न विचारिला. मिळालेल्या उत्तराचा आशय असा होता की, हा प्रश्न मला विचारू नये, माझ्या देशास दास करावयास आलेल्या फ्रेंच सत्तेस विचारावा. व्यक्तिशः पाहता हे सर्व दुःखाचे आहे, तुमचेही व आमचेही.

ह्या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. ते खोटे आहे असे आम्हांस म्हणवत नाही. दाहराच्या गुहा, सेतीफची शेते, कस्ब्यातील पडलेली घरे ही त्या उत्तराच्या पाठीशी उभी आहेत. विमानातून गाव जाळणारा सैनिक गणला जातो आणि पिशवीतून बॉम्ब नेणारी खुनी गणली जाते, हा भेद कोणत्या न्यायाचा, असे ती स्त्री विचारू शकते; आणि हे तर चाच्याचेच उत्तर आहे. सिकंदराजवळ त्याला तोड नाही. परंतु त्या गोष्टीत एक मनुष्य आलाच नाही. ज्याचे गलबत चाच्याने लुटले व बुडविले तो व्यापारी कोठे आहे? तो त्या दरबारात उभा असता, आणि त्याने चाच्यास विचारिले असते की, माझा मुलगा का बुडविलास, तर 'बादशहाही तेच करितो' हे शब्द त्याच्या तोंडावर फेकता आले असते काय? जे उत्तर जुलमी सत्तेस निरुत्तर करण्यास पुरेसे आहे ते निरपराध्याच्या प्रश्नास लागू पडत नाही. पाच वर्षांच्या मुलीने कोणाची जमीन घेतली नव्हती. तिला फ्रान्सकडे बोट दाखविणे म्हणजे फ्रान्सने तिच्या वतीने जसे तिला न विचारता राज्य केले, तसेच तिला न विचारता तिच्या वतीने फ्रान्सचे देणे वसूल करणे होय.

कित्येक दयाळू लोक म्हणतात की, इतक्या गांजलेल्या माणसांकडून दुसरे काय होणार? हे बोलणे कनवाळूपणाचे दिसते, पण त्यात एक सूक्ष्म अपमान आहे. अरबास बळाशिवाय काही कळत नाही, असे वसाहतवाले म्हणत. आणि अरबास बळाशिवाय काही सुचणार नाही, असे हे मित्र म्हणतात. दोघांच्याही मते तो मनुष्य दगडासारखा. फेकावा तसा जातो, आणि बरेवाईट निवडण्याचे ओझे त्याच्यावर नाही. आम्ही त्याला मनुष्य समजतो, म्हणूनच त्याच्या कृत्याचा जाब त्याच्याकडे आहे असे म्हणतो.

आणि दुसरे काही होऊ शकत होते, ह्याचा दाखला त्याच देशातील आहे. एमीर अब्द अल-कादिर हा मस्कारा प्रांतातील पुरुष १८३२ पासून १८४७ पर्यंत फ्रेंचांशी हत्यार घेऊन लढला. म्हणजे तो कोणी निःशस्त्र वैरागी नव्हता. पूर्वेकडील मुलखात सुखरूप जाऊ देऊ, ह्या वचनावर तो शरण आला, आणि वचन मोडून त्याला सुमारे पाच वर्षे फ्रान्सात कैदेत ठेविले. पुढे तो दमास्कस येथे जाऊन राहिला. १८६० च्या जुलै महिन्यात त्या नगरात जमाव उठून ख्रिस्ती वस्तीची कत्तल करू लागला. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्राने ज्याचे राज्य घेतले, ज्याला फसविले, त्याने त्या दिवशी घरात बसून स्वस्थ राहावे इतकीच सूडाची गरज होती. तो आपली अल्जीरियन माणसे घेऊन रस्त्यात उतरला, आणि त्याने हजारो ख्रिस्ती लोकांस आपल्या घरी व किल्ल्यात नेऊन वाचविले. त्याच्या हिशेबात दमास्कसचा ख्रिस्ती सोनार आणि अल्जियर्सचा फ्रेंच सेनापति हे एक नव्हते. आमच्या प्रश्नाची सीमा येथे दिसते: हत्यार धरले की नाही ही ती सीमा नव्हे. सैन्याशी लढणाऱ्या अल्जीरियन शेतकऱ्यास दोष देण्यास आमची जीभ वळत नाही. त्या युद्धावाचून स्वातंत्र्य मिळाले असते असे छातीस हात लावून म्हणणेही आम्हांस कठीण आहे.

राज्यकर्त्यांकडे पाहिले तर तेथे हेच समर्थन उलट्या अंगरख्याने उभे आहे. १९५७ च्या जानेवारीत जनरल मासू ह्याच्या छत्रीधारी सैन्याच्या हाती अल्जियर्सचा पोलिसी अधिकार आला. पकडलेल्यांस विजेचे धक्के देणे, पाण्यात बुडविणे, असे छळ सर्रास होऊ लागले. आणि कारण काय, तर निरपराध्यांस बॉम्बांपासून वाचवावयाचे आहे! ह्या समर्थनाची खरी कसोटी त्यापूर्वीच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, लागली होती. फेर्नां इव्तों नावाचा कामगार गॅसच्या कारखान्यात बॉम्ब ठेविताना सापडला. दुसरा एक बॉम्ब कोठेतरी फुटण्याच्या बेतात आहे, असा समज झाला. प्रांताचा पोलिस खात्याचा सचिव पॉल तेतजेन ह्याच्याकडे छळाची परवानगी मागण्यात आली. तो जर्मनांच्या कैदेत स्वतः छळ सोसून दाखाऊच्या बंदीवासातून परत आलेला मनुष्य होता. शहरात बॉम्ब फुटेल व त्याचा दोष आपल्या माथी येईल, हे दिसत असता त्याने नकार दिला, आणि ती सारी दुपार तो थरथरत होता. तो बॉम्ब फुटला नाही. (त्याच्या नकाराला पोलिसांनी कितपत जुमानले हा प्रश्न निराळा, आपला छळ झालाच, असे इव्तोंने पुढे सांगितले. त्याचा शिरच्छेद १९५७ च्या फेब्रुवारीत झाला.) मार्च महिन्यात तेतजेनने राजीनाम्याचे पत्र लिहिले, जे व्रण आपल्या अंगावर गेस्टापोने केले तेच आता फ्रेंचांच्या कैद्यांच्या अंगावर आपण ओळखिले, असा त्यातील आशय. त्याच वर्षी त्याने जागा सोडली. अटकेच्या हुकमांची कागदपत्रे त्याच्या हातून जात; त्याच्या गणतीप्रमाणे ३,०२४ माणसे नाहीशी झाली होती. जनरल द बोलार्दिएर ह्यानेही ह्या रीतीचा निषेध करून आपल्या कामातून मुक्तता मागितली, व त्यास साठ दिवसांची किल्लेकैद मिळाली.

तेतजेनच्या गोष्टीतील मर्म आम्हांस हे वाटते की, तोही गांजलेलाच होता. पण आपल्या अंगावरील व्रणांस त्याने परवाना मानिले नाही. त्या व्रणांमुळे त्याला दुसऱ्याचे व्रण ओळखता आले.

मिळालेला परवाना शत्रूपाशी थांबत नाही, हेही त्या लढ्यात दिसून आले. १९५७ च्या मे महिन्यात मेलूझा गावाजवळील एका वस्तीतील सुमारे तीनशे पुरुष मुक्ति आघाडीच्या लोकांनी कापून काढिले. ते फ्रेंच नव्हते, दुसऱ्या स्वातंत्र्यवादी पक्षाकडे झुकलेले अल्जीरियन शेतकरी होते. डॉक्टर फ्रांत्स फानों ह्याने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, हिंसेने दास मनुष्याच्या मनातील हीनपणा धुऊन जातो, असे प्रतिपादिले. परंतु त्याच ग्रंथाच्या शेवटी त्याने आपल्या रोग्यांच्या हकिकती दिल्या आहेत. एक पोलिस अधिकारी, कैद्यांस छळता छळता घरी बायकोमुलांस छळू लागलेला. तेरा व चौदा वर्षांचे दोन अल्जीरियन मुलगे, ज्यांनी आपल्या खेळगड्यास, एका युरोपियन मुलास, मारून टाकिले. मोठ्यांस मारणे आपल्या हातून होत नाही, हा आपल्या वयाचा आहे, म्हणून. ह्या हकिकती त्या ग्रंथातील सिद्धांताहून अधिक सांगतात, असे आमचे नम्र मत आहे.

आपल्या वाचकांस एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. त्या देशात कबाइली लोकांमध्ये थोडी ख्रिस्ती कुटुंबे होती. फाधमा आइत मन्सूर अमरूश ही त्यांतील एक बाई. एका विधवेच्या पोटी लोकापवादात जन्मलेली. तिने आपले चरित्र लिहिले आहे. गावकऱ्यांस ती बाटलेली वाटे, फ्रेंचांस ती देशीच वाटे, दोहोंकडे परकी. असा प्रसंग काय असतो हे आपल्यांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. तिचा मुलगा जाँ अमरूश हा फ्रेंच भाषेतील कवि. युद्ध पेटल्यावर, ख्रिस्ती झालास, फ्रेंच शिकलास, आता कोणाचा, हा प्रश्न त्याच्यापुढे आला. तो उघडपणे आपल्या लोकांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने बोलला, व त्यापायी १९५९ साली त्याची नभोवाणीवरील जागा गेली. आणि फ्रान्सचा अध्यक्ष द गोल व मुक्ति आघाडी ह्यांच्यामध्ये बोलणे जुळावे म्हणून तो खटपट करीत राहिला. अल्जियर्सचे आर्चबिशप दुव्हाल ह्यांनी १९५५ च्या आरंभापासून छळाचा निषेध केला, तेव्हा त्यांच्याच देवळांत येणाऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांस 'मोहंमद दुव्हाल' असे नाव ठेविले. बेल्फोरचे प्रॉटेस्टंट पाळक एतिएन मातिओ ह्यांनी मुक्ति आघाडीच्या एका पुढाऱ्यास सीमेपार जाण्यास साहाय्य केले, व १९५८ साली त्यांस कारावास भोगावा लागला. धर्म सांगून राज्य करणाऱ्यांच्या मानाने ही माणसे थोडी होती. कबाइली लेखक व शिक्षक मूलूद फेराऊन हा ख्रिस्ती नव्हता, पण त्याने आपल्या रोजनिशीत दोन्ही पक्षांची पापे सारख्याच हाताने लिहिली. १५ मार्च १९६२ रोजी, शस्त्रसंधीस चार दिवस उरले असता, वसाहतवाल्यांच्या गुप्त सेनेने त्याला व त्याच्या पाच सोबत्यांस भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. जाँ अमरूश एप्रिलात आजाराने वारला. जुलैत देश स्वतंत्र झाला. आणि त्याच दिवसांत ओरान शहरी शेकडो युरोपियन, आणि देशभर फ्रेंच सैन्यात चाकरी केलेले हजारो अल्जीरियन, मारिले गेले. आठ लाखांच्या आसपास युरोपियन त्या वर्षी घरेदारे टाकून निघून गेले.

न्याय-अन्याय हे ज्याच्या त्याच्या पक्षावर असतात, सर्वांवर चालणारा असा एक नियम नाही, असे म्हणणाऱ्यांस एक गोष्ट दाखवावीशी वाटते. मेलूझाचा वध झाला तेव्हा मुक्ति आघाडीने तो फ्रेंचांनी केला असे जाहीर केले. तिचा थोर पुढारी अबान रमदान ह्यास १९५७ च्या डिसेंबरात मोरोक्कोत नेऊन स्वकीयांनीच मारिले, आणि पुढल्या मे महिन्यात तिच्या वर्तमानपत्राने तो रणांगणावर पडल्याचे छापिले. लार्बी बेन म्हिदी हा पुढारी फेब्रुवारी १९५७ मध्ये जिवंत पकडला गेला. मार्चमध्ये, त्याने कोठडीत गळफास घेतला, असे फ्रेंच सरकारने सांगितले. ह्या कृत्यांचा ज्यांस खरोखर अभिमान होता, त्यांनी ती दुसऱ्याच्या नावावर का टाकावी? २००१ साली सेनापति ओसारेस ह्याने, बेन म्हिदीस आपणच मारिले, असे आपल्या पुस्तकात लिहून टाकिले. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाने ते राष्ट्राच्या वतीने मान्य केले तेव्हा १९५४ च्या त्या सणाला सत्तर वर्षे झाली होती. तारीख १ नोव्हेंबर २०२४.